वाशिष्ठीत तीस माणसांची हायब्रीड बोट: बॅटरीच्या आधी वेग ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरी आणि पक्षी दाखवायला तीस प्रवाशांची, साधारण १२ मीटर लांबीची नवी बोट बांधायची आहे. सध्या भाड्याने चालवता त्या लाँचला ४० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आहे. त्याचा आवाज आला की काठावर ऊन खात पडलेली मगर सरपटत पाण्यात जाते आणि पर्यटक हळहळतात. एका पुरवठादाराने तुम्हाला ३० किलोवॅटची मोटर, १०० युनिटांची बॅटरी आणि २५ केव्हीएचा जनरेटर असा संच सुचवलाय. हे पुरेल का, की बॅटरी आणखी मोठी घ्यावी, असं तुम्ही विचारताय.

माझ्या मते तिन्ही आकडे दुपटी-तिपटीने मोठे आहेत. पण मी माझे तीन आकडे दिले आणि तुम्ही ते घेऊन गेलात, तर तीही तीच चूक होईल. मी बावीस वर्षं कोकणात आणि गोव्यात लहान प्रवासी बोटींचे आराखडे करतोय, शेवटच्या काही बोटी बॅटरीवरच्या आहेत. त्यांतून एक गोष्ट मला पक्की कळलीय. हळू चालणाऱ्या बोटीत सगळा हिशेब वेगापासून सुरू होतो. किती वेगाने, किती वेळ आणि कोणत्या पाण्यातून जायचं हे ठरलं की मोटर, बॅटरी आणि जनरेटर आपोआप ठरतात. पुरवठादाराने तुमच्या ४० हॉर्सपॉवरचे ३० किलोवॅट केले आणि पुढचं सगळं त्यावर चढवलं. ते इंजिन त्या लाँचला खरोखर लागतं का, हे कुणी तपासलेलंच नाही.

तपासायची साधी रीत आहे. मागे अशाच एका ११.५ मीटरच्या फायबरच्या बोटीची आम्ही ओढचाचणी घेतली होती. पाणी थांबलेलं असताना तिला दुसऱ्या लाँचने ४० मीटर लांब दोराने ओढलं आणि दोराच्या मध्ये मासळी बाजारात वापरतात तो लटकता डिजिटल काटा बांधला. माणसांऐवजी वाळूची पोती भरली, एकूण वजन साडेसात टनांच्या आसपास. पुढच्या लाँचच्या लाटेत यायला नको म्हणून ओढली जाणारी बोट सुकाणूने थोडी बाजूला ठेवली. जीपीएसवर वेग बघायचा, काट्यावर ओढ बघायची, जाताना एकदा आणि येताना एकदा, आणि सरासरी काढायची. ५ नॉटला, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटरला, काटा ६० किलोच्या आसपास हलत होता. ६ नॉटला शंभर किलो. ७ नॉटला १७०. आठव्या नॉटला ओढणाऱ्या लाँचचं इंजिन काळा धूर सोडायला लागलं आणि आम्ही थांबलो.

या ओढीला वेगाने गुणलं, आणि बोटीला ढकलणारा पंखा (प्रोपेलर) व गिअरमध्ये निम्म्याहून थोडी अधिक शक्ती वाया जाते असं धरलं, तर मोटरला ५ नॉटसाठी साडेतीन किलोवॅट, ६ साठी पावणेसात आणि ७ साठी तेरा किलोवॅट लागतात. बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते तिथून पुढे प्रत्येक नॉट फार महाग पडतो. तुमच्या लांबीच्या बोटीला ती हद्द ८ नॉटच्या जरा वर येते. तुम्हाला मगरी दाखवायच्या आहेत, म्हणजे तुमचं खरं काम अडीच ते पाच नॉटमध्ये आहे. तिथे ३० किलोवॅटची मोटर तुम्ही कधीच वापरणार नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. खाडी म्हणजे तलाव नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला अरुंद जागी दोन नॉट, कधी त्याहून जास्त प्रवाह असतो. ५ नॉटने चाललात तरी काठाच्या हिशेबाने तीनच होतात, आणि वीस मिनिटांचं अंतर अर्ध्या तासावर जातं. शिवाय वाशिष्ठीची एक खास गोष्ट आहे, ती तुम्हाला माहीत असेलच. कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेलं पाणी शेवटी याच नदीत येतं, त्यामुळे वरच्या अंगाला प्रवाह नुसत्या भरती-ओहोटीवर ठरत नाही, वीजनिर्मिती किती चालू आहे त्यावरही ठरतो. तुमच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, एक वही द्या. महिनाभर रोज एकाच वळणावर इंजिन न्यूट्रल करून बोट किती वाहते ते जीपीएसवर बघायचं आणि तिथी, वेळ, वेग लिहायचा. ही वही माझ्यासाठी कुठल्याही कॅटलॉगपेक्षा मोलाची आहे. मोटरची कमाल ताकद तीच ठरवते.

दुसरं म्हणजे उथळ पाणी. याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. पाणी उथळ झालं की बोटीभोवतीच्या लाटेला वेगाची मर्यादा येते. एक मीटर खोलीवर ती सहा नॉटच्या जरा वर आहे, दोन मीटरवर साडेआठच्या आसपास. त्या मर्यादेच्या जवळ गेलात की बोटीची मागची बाजू खाली बसते, मागे गढूळ लाट उठते आणि मोटर दुप्पट वीज खाते, तरी वेग वाढत नाही. ओहोटीला चिखलाच्या काठाजवळ एक मीटर पाण्यात ५ नॉटने जाणं म्हणजे बॅटरी फुकट घालवणं, आणि काठाची मातीही ढासळवणं. तिथे साडेतीन नॉट ठेवा. मगरही तेव्हाच जागेवर राहते.

एका फेरीचा हिशेब मी असा करीन. दोन तासांच्या फेरीत जाऊन-येऊन पन्नास मिनिटं ५ नॉटने, म्हणजे घट धरून सव्वातीन युनिटं. तासभर अडीच-तीन नॉटने, एक युनिट. धक्क्याला लागणं, वळणं, मागे घेणं यांत अर्धं. दिवे, पंप, पंखे, माईक मिळून पाऊण. बेरीज साडेपाच, मी सहा धरतो. दिवसाला तीन फेऱ्या म्हणजे १८ युनिटं. त्यांतली एक फेरी उधाणाच्या ओहोटीत सापडली तर आणखी सहा जातील, म्हणजे २४. बॅटरी कधी तळापर्यंत न्यायची नाही, तीस टक्के राखून ठेवायची. म्हणजे ३४ ते ३६ युनिटांची बॅटरी पुरते. मोटर १२ किलोवॅट सतत चालू शकणारी आणि काही मिनिटं अठरा देणारी घ्या. वहीत तीन नॉटचा प्रवाह सापडला तर हा आकडा वाढवू.

लोक म्हणतात, मोठी बॅटरी असली तर काय बिघडलं? वजन बिघडतं. शंभर युनिटांच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीचं वजन पेटी, तारा आणि आधार धरून ९०० किलोच्या आसपास जातं. तेवढ्यात बारा प्रवासी बसतात. ते वजन रोज प्रत्येक फेरीला ओढायचं, आणि ते ओढायलाही वीज लागणारच.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तिच्याबद्दल. कुणीतरी ओरडतं, 'मगर, मगर!' आणि तीसच्या तीस माणसं मोबाईल काढून एका बाजूला धावतात. हे तुमच्या बोटीवर दर फेरीला होणार आहे. एका माणसाचे ७५ किलो धरले तर सव्वादोन टन वजन मधल्या रेषेपासून मीटरभर बाजूला सरकतं. साडेसात टनांची, ३ मीटर रुंदीची, एका तळाची बोट यात पंधरा अंशांहून जास्त कलेल. प्रवासी बोट गर्दीने दहा अंशांपलीकडे कलू नये हे मी कधीही सोडत नाही. आणि छपरावर सोलर पॅनल आले की वरचं वजन वाढतं. साडेपाचशे वॉटचं एक पॅनल २८ किलोचं असतं, अशी दहा पॅनल आणि त्यांची चौकट मिळून साडेतीनशे-चारशे किलो डोक्याच्या वर जातात.

म्हणून बोट रुंद करा किंवा जोडतळाची, म्हणजे कॅटामरान, बांधा. केरळात वैक्कम ते तवणक्कडवू या मार्गावर २०१७ पासून चालणारी 'आदित्य' ही सौर बोट बघा. ७५ प्रवासी, २० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद, जोडतळाची. तिच्या छपरावर २० किलोवॅटची पॅनल आहेत आणि पोटात बॅटरी फक्त ५० युनिटांची. पाऊणशे माणसांच्या बोटीला पन्नास युनिटं, आणि तुम्हाला तिसांसाठी शंभर सांगितली जातायत. 'आदित्य'चं गणित जमलं ते तळ सडपातळ आणि वेग साडेपाच-सहा नॉटचा ठेवला म्हणून. कोचीची वॉटर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या शंभर प्रवाशांच्या बोटी बॅटरीवर चालतात आणि सोबत डिझेल जनरेटर असतो. पण त्यांचं काम वेगळं आहे. त्या दिवसभर धक्क्याधक्क्याला थांबतात आणि थोड्या मिनिटांत भराभर चार्ज होतात. त्यासाठीच्या महागड्या टायटनेट बॅटऱ्या तुम्हाला नकोत. तुमची बोट रात्रभर धक्क्याला उभी असते, तिला रात्रभर सावकाश चार्ज करा.

जोडतळाचा एक तोटा सांगून ठेवतो. पाण्याला घासणारं क्षेत्रफळ वाढतं आणि हळू वेगात घर्षण हाच मुख्य विरोध असतो. त्यामुळे ५ नॉटला ती एका तळाच्या बोटीपेक्षा थोडी जास्त वीज घेईल. वजनालाही ती हळवी असते, अंदाजापेक्षा एक टन जास्त भरलं की मधलं डेक पाण्यावर आपटायला लागतं. तरीही तुमच्या कामासाठी मी तीच निवडीन. ती उथळ पाण्यात चालते, पॅनलला रुंद छप्पर मिळतं आणि गर्दी एका बाजूला गेली तरी ती ठाम राहते.

जनरेटर हवा की नको, हे तुम्ही फेऱ्या कुठे नेणार त्यावर आहे. फक्त दोन तासांच्या फेऱ्या आणि धक्क्यावर महावितरणची जोडणी असेल, तर कायमचा बसवलेला जनरेटर नसला तरी चालेल. पण तुम्ही लिहिलंय की सुटीच्या दिवशी दाभोळपर्यंत दिवसभराची सहल काढायची आहे. तो जलमार्ग सुमारे ४५ किलोमीटरचा आहे. ५ नॉटने पाच तास जायला, पाच यायला. या फेरीला पन्नास युनिटांच्या आत-बाहेर लागतील. बॅटरीतून पंचवीस, पॅनलमधून उन्हाळ्याच्या चांगल्या दिवशी अठरा-वीस. राहिलेल्यासाठी आणि संकटासाठी जनरेटर हवाच.

तो २५ केव्हीएचा नको. जनरेटर सरासरी भाराएवढा घ्यायचा असतो, कमाल भार बॅटरी उचलते. हायब्रीडचा अर्थच तो आहे. तुमची सरासरी साडेचार-पाच किलोवॅट आहे, तेव्हा ८ केव्हीएचा, म्हणजे साधारण साडेसहा किलोवॅट देणारा संच पाऊण भाराच्या जरा वर, सुखात चालेल. मोठा संच वीस-पंचवीस टक्के भारावर चालवला की डिझेल नीट जळत नाही. अर्धवट जळलेला काळा चिकट थर सायलेन्सरमध्ये साठतो, तेल खराब होतं, आणि दोन हंगामांत तो संच गॅरेजमध्ये असतो. मी असा सायलेन्सर उघडून पाहिलाय. आतून डांबर ओतल्यासारखा होता.

तुम्ही 'सीरियल की पॅरलल' असंही विचारलंय. पॅरललमध्ये डिझेल इंजिन आणि मोटर दोन्ही एकाच शाफ्टवर येतात. ज्यांना रोज तास-दोन तास आठ नॉटने पळायचं आहे त्यांना ते परवडतं, कारण इंजिनची ताकद थेट पंख्याला जाते. सीरियलमध्ये इंजिन फक्त वीज करतं. वीज करणं, साठवणं आणि परत मोटरला देणं यांत वीस टक्क्यांच्या आसपास घट होते. म्हणून नुसतं 'हायब्रीड' नाव दिल्याने डिझेल वाचत नाही. तुमचं डिझेल वाचेल ते बहुतेक वेळ इंजिन बंद राहील म्हणून. तुमच्यासाठी सीरियलच. जनरेटर मागे, रबरी पायांवर, आवाज शोषणाऱ्या पेटीत ठेवा, आणि मगरींच्या टापूत तो सुरू करायचा नाही हे तांडेलाला लिहून द्या.

बॅटरीच्या बाबतीत एक अनुभव सांगतो, कारण तो मला अजून छळतो. माझ्याच आराखड्यातली एक बोट अठरा प्रवासी घेऊन ओहोटीत परत येत होती. बॅटरीत वीस टक्के शिल्लक दिसत होती. प्रवाहात जोर लावल्यावर एका कमजोर सेलचा विजेचा दाब (व्होल्टेज) खाली गेला आणि बॅटरीच्या सुरक्षा सर्किटने स्वतःला वाचवायला सगळी वीज एकदम तोडली. मोटर बंद, मीटर बंद, माईक बंद. तांडेलाने प्रसंगावधान राखून नांगर टाकला म्हणून बोट पुलाच्या खांबावर गेली नाही. सर्किटने त्याचं काम केलं होतं, चूक माझ्या आराखड्याची होती. गाडी थांबली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते, बोट वाहत जाते हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. तेव्हापासून मी बॅटरी दोन स्वतंत्र संचांत विभागतो, दोन्ही तळांत एकेक, आणि मध्ये हाताने बदलायचा स्विच. पंचवीस टक्क्यांना भोंगा वाजतो, त्यानंतर मोटरची ताकद हळूहळू कमी होते, एकदम कधीच तुटत नाही. दिवे, भोंगा, पाणी उपसायचा पंप आणि वायरलेस यांना वेगळी १२ व्होल्टची बॅटरी. आणि नांगर नेहमी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, दोर मोकळा, कुणाच्या सामानाखाली दबलेला नाही.

जुन्या गाड्यांच्या किंवा रिक्षांच्या बॅटऱ्या जोडून स्वस्तात संच करून देणारे भेटतील. प्रवासी बोटीत तसं करू नका. सेल लिथियम फॉस्फेटचेच घ्या, पेटी पाण्यापासून बंद पण वायू बाहेर जायला वाट असलेली. प्रत्येक सांधा दर महिन्याला हात लावून बघायचा. खारी हवा तांब्याला हिरवं करते आणि सैल सांधा तापतो.

आता पंखा. मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा हीच तुमची स्वस्त बॅटरी आहे. लहान आउटबोर्डचा पंखा निम्म्याहून जास्त शक्ती पाणी घुसळण्यात घालवतो. मिनिटाला पाचशे-सहाशे फेरे घेणारा, तळाच्या खोलीत बसेल तेवढा मोठा पंखा त्याच वेगाला बरीच कमी वीज घेतो आणि आवाजही करत नाही. पण वाशिष्ठीत त्याची दुसरी एक बाजू आहे. खाडीत जाळ्यांचे तुकडे, दोऱ्या, प्लास्टिक हे सगळं पंख्याला गुंडाळतं. इतर ठिकाणी खलाशी सुरा दातांत धरून उडी मारतो आणि कापून मोकळं करतो. तुमच्याकडे पाण्यात मगरी आहेत, तिथे कुणालाही उतरवता येणार नाही. म्हणून प्रत्येक पंख्याच्या बरोबर वर पाण्याच्या रेषेपेक्षा उंच कडांची एक विहीर ठेवा, घट्ट झाकणाची, म्हणजे डेकवर गुडघे टेकून हात घालून पंखा मोकळा करता येईल. आणि वर सांगितलेल्या एका मोटरऐवजी दोन तळांत दोन स्वतंत्र मोटरी, सात-आठ किलोवॅटच्या. एक अडकली तरी दुसरीवर धक्का गाठता येतो. एकाच मोठ्या पंख्याने थोडी वीज वाचली असती, पण इथे मी ती सोडून देईन.

ॲम्पिअरचा आकडा तांडेलाच्या डोळ्यासमोर मोठ्या अक्षरात असू द्या. ९६ व्होल्टच्या बोटीत ५ नॉटला दोन्ही मोटरी मिळून चाळीस ॲम्पिअरच्या आसपास दिसायला हवेत. एके दिवशी एका बाजूचा आकडा अचानक चढला तर पंख्याला काही गुंडाळलंय. दोन्ही बाजूंचा महिनाभरात हळूहळू पन्नासवर गेला तर तळाला शेवाळ आणि कालवं धरलीत, बोट ओढून घासायची वेळ झाली. बिघाडाच्या आधीच हा आकडा तुम्हाला सगळं सांगतो.

पैशांबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. तुमची लाँच दिवसाला बारा लिटर डिझेल पित असेल, तर दोनशे दिवसांच्या हंगामात २,४०० लिटर होतात. त्याला आजच्या भावाने गुणा आणि शंभर युनिटांच्या बॅटरीच्या कोटेशनशेजारी ठेवा. नुसत्या डिझेलच्या बचतीवर तो खर्च निघत नाही. ३६ युनिटांवर निघू शकतो, आणि शांततेसाठी लोक जास्त तिकीट देतात हे मी इतर ठिकाणी पाहिलंय.

सर्व्हे आणि नोंदणीचं एकच सांगतो. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आल्यापासून नियमांची चौकट नवी आहे. आराखडे, बॅटरीची कागदपत्रं आणि स्थिरतेचा हिशेब घेऊन महाराष्ट्र सागरी मंडळाच्या सर्व्हेअरला साचा भरण्याआधी भेटा. बोट बांधून झाल्यावर बॅटरीची जागा बदलायला सांगितली तर डेक कापावं लागतं.

दाभोळच्या सहलीची वेळ छापताना घड्याळाआधी भरतीचं कोष्टक बघा. ओहोटीबरोबर खाली आणि भरतीबरोबर वर आलात तर जनरेटर क्वचितच लावावा लागेल. पूर्वी गलबतं चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत यायची तीही भरती धरूनच. आणि ओढचाचणी घ्यायचं ठरवलंत तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवशी घ्या, तेव्हा पाणी जास्त वेळ थांबतं. सध्याचीच लाँच ओढली तरी चालेल. काट्याचे आकडे आणि तांडेलाची वही मला पाठवा, मोटर आणि पंख्याचा हिशेब मी करून देतो.